हप्ता कमी की खिशातला खर्च कमी? ऑफिसचा मेडिक्लेम निवडताना

प्रश्न : नमस्कार, मी वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधे एका औषध कंपनीत आहे, राहते फोंड्याला. मी, मिस्टर आणि दोन मुलं यांचा मेडिक्लेम कंपनी भरते, पण आईबाबांना घ्यायचं तर पैसे आपल्या पगारातून. यंदा पोर्टलवर दोन प्लॅन दिलेत. ए प्लॅन वर्षाला 18,000, कव्हर 3 लाख, रूम दिवसाला 3,000 पर्यंत, को-पे (मंजूर बिलातला आपण भरायचा वाटा) 20 टक्के, मोतीबिंदूला एका डोळ्यामागे 30,000. बी प्लॅन 33,000, कव्हर 5 लाख, रूमला लिमिट नाही, को-पे 10 टक्के, मोतीबिंदूला 50,000. बाबा 66 वर्षांचे, त्यांना शुगर आणि प्रेशर दोन्ही. आईला डॉक्टरनी मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलंय. घरात दीनदयाळचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं, कार्ड पण आहे. सगळे म्हणतात स्वस्तातलं घे, काय करू? शेवटची तारीख जवळ आलीय.

उत्तर : ताई, स्वस्त-महाग हे फक्त हप्त्यावरून ठरवू नका. हप्ता अधिक हॉस्पिटलात आपल्याला भरावे लागणारे पैसे, अशी बेरीज करा, आणि एकदा नाही तर तीनदा करा : काहीच झालं नाही असं वर्ष, एखादं छोटं ऑपरेशन झालं असं वर्ष, आणि खरंच वाईट वर्ष. घरात गेल्या वर्षाच्या बिलांची फाईल असेल तर ती घेऊनच बसा, अंदाज हवेतला राहत नाही.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. बाबांच्या महिन्याच्या गोळ्या, शुगरच्या टेस्ट, डॉक्टरची फी हा खर्च ओपीडीत, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारात येतो, आणि तुम्ही लिहिलंय त्यात ओपीडी कुठेच नाही. म्हणजे महिन्याला समजा 2,600 जात असतील तर वर्षाचे 31,200 दोन्ही प्लॅनमधे तुमच्याच खिशातून जाणार. घरखर्चात धरा, पण प्लॅन निवडताना सोडून द्या.

काहीच झालं नाही तर ए प्लॅन 15,000 नी स्वस्त, यात वाद नाही. आता आईच्या डोळ्याचं बघा, कारण ते यंदाच होणार आहे. एका डोळ्याचं बिल 60,000 धरलं तर ए प्लॅनमधे 30,000 च मंजूर होणार, त्यातूनही 20 टक्के को-पे जाणार, हातात 24,000 आणि तुमचे 36,000. बी मधे 50,000 मंजूर, 10 टक्के जाऊन 45,000 मिळणार, तुमचे 15,000. हप्ता मिळवला की ए चे 54,000 आणि बी चे 48,000. एकाच डोळ्यात स्वस्त प्लॅन महाग झाला! को-पे लिमिट लावल्यावर कापतात की आधी, हे मात्र एचआरला विचारून घ्या, त्याने आकडा थोडा हलतो.

आता वाईट वर्ष, आणि इथे जरा थांबून वाचा कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. समजा बाबांना हार्टचा त्रास झाला, सहा दिवस ॲडमिट, स्टेंट घातला, बिल 2,80,000. त्यात रूम दिवसाला 5,000 प्रमाणे 30,000, सर्जन-ओटी-नर्सिंग वगैरे 1,05,000, औषधं-स्टेंट-तपासण्या 1,30,000, आणि ग्लोव्हज, मास्क, ॲडमिशन किट, फाईल चार्जेस असल्या न मिळणाऱ्या गोष्टी 15,000. बी प्लॅनमधे हे 15,000 सोडून 2,65,000 मंजूर, त्यातले 10 टक्के म्हणजे 26,500 को-पे, तर तुमच्या खिशातून 41,500. ए प्लॅनमधे रूमचे 18,000 च धरतात हे सगळ्यांना कळतं, पण लोकांना वाटतं की वरचे 12,000 आपण भरले की झालं. तसं नसतं. रूम 5,000 ची आणि लिमिट 3,000 चं म्हणून सर्जन, ओटी, नर्सिंगच्या बिलाचाही पाचातला तीन भागच मान्य होतो, 1,05,000 चे 63,000. औषधं, स्टेंट, तपासण्या आणि आयसीयू यांना सहसा ही कात्री लागत नाही, पण तुमच्या पॉलिसीत तसं लिहिलंय का ते बघाच. तर 18,000 अधिक 63,000 अधिक 1,30,000 म्हणजे 2,11,000 मंजूर, त्यातून 20 टक्के को-पे 42,200, विमा कंपनीकडून येणार 1,68,800 आणि तुम्ही भरणार 1,11,200. हप्ता धरून ए चे 1,29,200, बी चे 74,500.

याच हिशोबात बाबांना 3,000 च्या शेअरिंग रूममधे ठेवलं असतं, तर बाकीचं बिल तेवढंच राहिलं तरी ए प्लॅनमधे तुमचे 65,600 च गेले असते. म्हणजे वरच्या रूमचे 12,000 दिसतात, पण ती रूम पडते 45,600 ला. म्हणून कुठलाही प्लॅन घ्या, घरातल्या प्रत्येकाला रूमचं लिमिट तोंडपाठ पाहिजे. ॲडमिशनच्या काउंटरवर घाईत सही करणारा बहुतेक वेळा भाऊ नाहीतर जावई असतो, आणि त्याला यातलं काहीच माहीत नसतं.

माझं मत स्पष्ट आहे, तुमच्या घरासाठी बी प्लॅन. महिन्याला 1,250 जास्त जातील, पण 66 वर्षांचे शुगर-प्रेशरवाले बाबा आणि ठरलेलं ऑपरेशन असताना तो फरक वाचवण्यात अर्थ नाही. फक्त हे आकडे जीएसटीसकट आहेत का ते विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून घरगुती पॉलिसीवरचा जीएसटी गेला, ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवर 18 टक्के आहेच, तो वेगळा लागला तर बी वर 5,940 आणि ए वर 3,240 वाढतील, तरी निकाल बदलत नाही. आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर आहेत ना, हे ईमेलवर लिहून घ्या. ग्रुप पॉलिसीत बहुतेक असतात, पण तोंडी 'हो हो'वर राहू नका.

दीनदयाळचं कार्ड आहे ते चांगलंच. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर 4 लाख, पण ठरलेल्या यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या हॉस्पिटलातच. आईचं ऑपरेशन त्यात बसतंय का ते आधी विचारा, गोमेकॉत (सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात) पण चौकशी करा, बसलं तर डोळ्याचा खर्च वरच्या हिशोबातून पूर्ण निघून जाईल आणि मग निकाल फक्त वाईट वर्षावर ठरेल, तिथेही बी च पुढे आहे. बाबांना 70 पूर्ण झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, केंद्राने ऑक्टोबर 2024 ला सुरू केलंय, 5 लाखांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही.

अजून एक, आपल्याकडे पेशंटला बेळगावला नाहीतर मुंबईला हलवायची वेळ येते. तिथलं हॉस्पिटल नेटवर्कमधे नसेल तर आधी पूर्ण बिल भरा आणि मग क्लेमची वाट बघत बसा, आणि गाडी-लॉजचा खर्च मेडिक्लेममधे येत नाही. जिथे जाण्याची शक्यता आहे त्या दोन-तीन हॉस्पिटलांची नावं टीपीएच्या (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या एजन्सीच्या) यादीत आत्ताच शोधा.

प्रश्न : मी कळंगुटला हॉटेलात रिसेप्शनला आहे, ग्रॉस 19,500, पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापतात. चवथीनंतर पगार वाढून 22,000 होणार म्हणतात. मेडिक्लेम आत्ताच घेऊ का?

उत्तर : तुमचे कापले जातात 0.75 टक्के, म्हणजे महिन्याला जेमतेम 147 रुपये, मालक भरतो 3.25 टक्के. एवढ्या पैशात ईएसआयच्या उपचाराला को-पे नाही, रूमची कात्री नाही, आणि आजारपणाच्या सुट्टीत ठरावीक दिवस 70 टक्के पगार मिळतो तो वेगळाच. लोक उगाच नावं ठेवतात. रांग असते हे खरं, पण मडगावला ईएसआयचं हॉस्पिटल आहे, कार्डावर घरच्यांची नावं घातलीत का ते आधी बघा, अवलंबून असलेले आईवडीलही चालतात.

मर्यादा 21,000 ची आहे, पण पगार वाढला त्याच दिवशी तुम्ही बाहेर पडत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे टप्पे आहेत, टप्प्याच्या मधे पगार मर्यादेवर गेला तर तो टप्पा संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. म्हणजे वाढ ऑक्टोबरच्या पगारापासून लागते की नोव्हेंबरच्या, यावर सहा महिन्यांचा फरक पडतो, अकाउंट्सवाल्याला नीट विचारा. तोपर्यंत मालक ग्रुप मेडिक्लेम देणार आहे का तेही विचारून ठेवा. देणार नसेल तर स्वतःचा घ्या आणि ईएसआय चालू असतानाच घ्या, कारण घरगुती पॉलिसीत जुन्या आजारांना 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तो काळ आत्तापासून मोजायला लागला तर तुमचाच फायदा.

प्रश्न : आम्ही नवराबायको दोघंही नोकरीला, दोघांच्या ऑफिसात एकमेकांचं नाव आहे. क्लेम दोन्हीकडे करता येतो का?

उत्तर : येतो, पण एकाच खर्चाचे दोनदा पैसे मिळत नाहीत. आधी जिथे को-पे कमी आणि रूमचं लिमिट जास्त तिथे करा, मग उरलेल्या रकमेसाठी दुसरीकडे. त्यासाठी पहिल्या विमा कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या सही-शिक्क्याच्या कॉपी लागतात, त्या डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या, नंतर हॉस्पिटलात खेटे घालावे लागतात. पहिल्या कंपनीने कापलेला को-पे दुसरीकडून मिळू शकतो, ग्लोव्हज-किटचे पैसे मात्र सहसा दोघीही देत नाहीत.