जन्मवेळ 1944 ची, पण घड्याळ कोणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांचा जन्म जानेवारी 1944 च्या अखेरीस, रत्नागिरीजवळच्या गावी. घरच्या वहीत ‘सकाळी 10 वा. 10 मि.’ अशी नोंद. एक अ‍ॅप कुंभ लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) दाखवतं, दुसरं मीन. शिवाय त्यांची थोरली बहीण 1938 साली मोंबासाला जन्मलेली आणि चुलते 1911 साली गिरगावात. तर पूर्वी कुठे कोणती वेळ चालत होती, घड्याळं पुढेमागे केव्हा झाली, याचा माग कसा काढायचा?

मी आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचं टिपण-काम करतो. त्यामुळे जुन्या वह्या, हळदीचे डाग पडलेल्या पत्रिका आणि ‘सूर्य कासराभर वर आला असता’ असल्या नोंदी रोज समोर असतात. ज्योतिषात मला गती नाही, विश्वासही बेताचाच. पण वेळेचं गणित नीट व्हावं, एवढा आग्रह आहे.

आधी आजोबांचं. दुसऱ्या महायुद्धात 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत भारतातली घड्याळं एक तास पुढे होती. म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असण्याऐवजी साडेसहा तास. यालाच पत्रिकावाले वॉर टाइम म्हणतात. वहीतले 10:10 हे वॉर टाइम असतील, तर आजच्या हिशेबाने ते 9:10 झाले. त्या दिवसांत रत्नागिरीला 9:10 ला कुंभ लग्न असतं आणि 10:10 ला मीन लागून गेलेलं असतं. म्हणजे तुमच्या दोन अ‍ॅपांपैकी एक तास वजा करतंय, दुसरं करत नाहीये. भांडण एवढंच आहे.

पण म्हणून लगेच कुंभ धरून मोकळे होऊ नका. सरकारने घड्याळ पुढे केलं म्हणून माजघरातल्या भिंतीवरचं घड्याळ त्याच रात्री पुढे झालं, असं नाही. लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘गाव कोणतं?’ मी विचारतो, ‘नोंद कोणी केली?’ सरकारी दवाखान्यात जन्म झाला असेल तर घड्याळ सरकारी. वडील कचेरीत किंवा पोस्टात कामाला असतील तर घरचं घड्याळही बहुधा कचेरीच्या घड्याळाशी जुळवलेलं. पण आडगावातलं घर, बाळंतीण आतल्या खोलीत, बाहेर पडवीत आजोबा आणि त्यांचं चावीचं घड्याळ, असं असेल तर ते घड्याळ कशावर लावलेलं होतं हे त्या घरालाच ठाऊक. देशावर बऱ्याच ठिकाणी रेल्वेने स्टेशनच्या घड्याळाची शिस्त लावली. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात रेल्वे आली ती 1990 च्या दशकात. तोवर मुंबईची आगबोट, तारऑफिस आणि मामलेदार कचेरी यांच्यावरच सगळी भिस्त.

मग ठरवायचं कसं? पत्रिका असेल तर ती उलगडा. वरच्या बाजूला बहुधा ‘श्रीसूर्योदयात् गतघटी’ आणि पुढे घटी-पळांचा आकडा असतो. एक घटी म्हणजे 24 मिनिटं. समजा तिथे 5 घटी लिहिलंय, म्हणजे सूर्योदयानंतर दोन तास. जानेवारीच्या अखेरीला रत्नागिरीचा सूर्योदय आजच्या घड्याळाने 7:10 च्या सुमारास. त्यात दोन तास मिळवले की 9:10. वहीत 10:10 आहे, तेव्हा वहीतलं घड्याळ एक तास पुढचं होतं, वॉर टाइमच. आकडा साडेसात घटी असता, तर सूर्योदयापासून तीन तास होतात आणि 10:10 ही साधी स्टँडर्ड वेळ ठरते. घटी नऊच्या आसपास असत्या, तर घरचं घड्याळ स्थानिक वेळेवर, म्हणजे गावच्या सूर्याप्रमाणे, चालत होतं असं म्हणावं लागेल. रत्नागिरीची स्थानिक वेळ स्टँडर्डच्या जवळजवळ 37 मिनिटं मागे आहे.

यातही एक मेख आहे. गुरुजींनी घटी काही वाळूच्या किंवा पाण्याच्या यंत्रावर मोजलेल्या नसतात. पुष्कळदा घरच्यांनी सांगितलेल्या घड्याळाच्या वेळेतून पंचांगातला सूर्योदय वजा करून त्या काढलेल्या असतात. गुरुजी तास वजा करायला विसरले असतील, तर घटीसुद्धा तेवढ्याच चुकीच्या. म्हणून दुसरा पुरावा शोधा: ‘दिवस उगवायच्या आत’, ‘शाळा सुटली तेव्हा’, ‘ओहोटी लागली होती’ असं काहीही. सूर्याचा पुरावा सगळ्यांत बळकट, कारण तो कुठल्या सरकारी गॅझेटने हलत नाही. जानेवारी 1944 मधल्या एखाद्या नोंदीत ‘सकाळी पावणेआठ, अजून उजाडायचं होतं’ असं असेल, तर ती वॉर टाइमची, वाद संपला.

मध्यरात्रीच्या नोंदी मात्र जपून बघा. वॉर टाइमप्रमाणे रात्री 12:20 म्हणजे खरे 11:20. इंग्रजी तारीखच एक दिवसाने मागे जाते. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे तो तसाच राहतो. वार आणि तारीख जुळत नाही म्हणून नोंद खोटी ठरवणारे मी पाहिलेत. (शाळेच्या दाखल्यावरची तारीख पुरावा म्हणून आणू नका. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनला असतो.)

आता अ‍ॅपं. फोन आणि कॉम्प्युटर ज्यावर चालतात तो माहितीचा साठा म्हणजे आयएएनएचा (इंटरनेटवरची नावं-आकडे सांभाळणाऱ्या संस्थेचा) टाइम झोन डेटाबेस. फुकट आहे, साध्या मजकुराच्या फाइली आहेत, आणि खरी मजा आकड्यांपेक्षा त्यातल्या लांबलचक टिपांत आहे. कोणी कुठल्या गॅझेटचा आधार दिला, कोणी तो खोडून काढला, सगळं तिथे आहे. 2011 साली अ‍ॅस्ट्रोलेब नावाच्या अमेरिकेतल्या ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीने हा साठा सांभाळणाऱ्या आर्थर डेव्हिड ओल्सन आणि पॉल एगर्ट यांच्यावर दावाच ठोकला होता. जुन्या वेळांची माहिती आमच्या अ‍ॅटलसमधून उचलली, अशी तक्रार. 2012 मध्ये दावा मागे घेतला गेला. पत्रिकेचं आणि कॉम्प्युटरचं नातं असं जुनं आहे!

या साठ्याची एक मर्यादा लक्षात ठेवा. 1970 पासून ज्या प्रदेशाची घड्याळं सारखी चालली, त्याला एकच नाव मिळतं. म्हणून अख्ख्या भारताला ‘एशिया/कोलकाता’ एवढी एकच नोंद आहे. तिचा 1970 आधीचा इतिहास कोलकात्याच्या बाजूने लिहिलेला, मुंबईचा नाही. उदाहरणार्थ, तिथे ऑक्टोबर 1941 ते मे 1942 या काळातही घड्याळ एक तास पुढे दिसतं. ते बंगालचं प्रकरण आहे, रत्नागिरीतल्या जन्माला डोळे झाकून लावू नका. आणि मुंबई टाइम तर तिथे सापडतच नाही.

तुमच्या आजोबांच्या गिरगावातल्या चुलत्यांना नेमका तोच लागणार. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे होती. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी 1881 मध्ये सरकारी कामाला मद्रास टाइम, म्हणजे मद्रास शहराची वेळ, लावून पाहिला. शहराने इतका विरोध केला की तो हुकूम परत घ्यावा लागला. 1 जानेवारी 1906 पासून साडेपाच तासांचा स्टँडर्ड टाइम आला, म्हणजे घड्याळ एकदम 39 मिनिटं पुढे. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगार त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्यांत आपल्या रत्नागिरीकडची माणसं किती असतील ते गिरणगाव माहीत असणाऱ्याला सांगायला नको. भोंगा 39 मिनिटं आधी वाजणार म्हणजे तेवढं अंधारात उठणं आलं. नगरपालिकेने तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुनीच वेळ धरून ठेवली. तेव्हा 1911 च्या गिरगावातल्या नोंदीला दोन अर्थ निघतात. शेजारी ‘स्टँ. टा.’ किंवा ‘मुं. टा.’ अशी अक्षरं आहेत का ते भिंग लावून बघा. नसतील तर दोन्ही वेळा लिहून ठेवा, एक निवडू नका.

मोंबासाचं सोपं आहे. 1937 पासून जुलै 1942 पर्यंत केनियात ग्रीनिचपुढे पावणेतीन तास अशी वेळ होती. आज तीन तास आहे. अ‍ॅपमध्ये ‘एशिया’ सोडून ‘आफ्रिका/नैरोबी’ निवडा, तो 15 मिनिटांचा फरक आपोआप येईल. कोकणातल्या घरांत कराची आणि लंडनही हमखास निघतं म्हणून सांगतो: कराचीची घड्याळं 30 सप्टेंबर 1951 ला साडेपाचवरून पाच तासांवर आली. लंडनला युद्धात उन्हाळ्यात दोन तास आणि हिवाळ्यात एक तास पुढे होतं, आणि फेब्रुवारी 1968 ते ऑक्टोबर 1971 हिवाळ्यातही घड्याळ मागे घेतलंच नाही. गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, तेव्हा पेडणे-सावंतवाडी सीमेवरच्या घरांनी ब्रिटिश हुकूम गोव्यातल्या जन्माला लावू नये.

अ‍ॅप खरं बोलतंय का ते तपासायला 28 जानेवारी 1944 आणि 28 जानेवारी 1946 या दोन तारखा टाका. पहिल्याला साडेसहा आणि दुसऱ्याला साडेपाच दिसलं तर तास ते स्वतः वजा करतंय. मग तुम्ही हाताने परत वजा करू नका. सर्वांत जास्त घोळ याच दुहेरी वजाबाकीने होतो. 1965 आणि 1971 च्या लढायांतही घड्याळं पुढे केली होती असं पुष्कळ जण ठासून सांगतात. डेटाबेसमध्ये भारतासाठी 15 ऑक्टोबर 1945 नंतर असा एकही बदल नाही. ब्लॅकआउटची आठवण आहे म्हणून तास वजा करू नये.

आणि काहीही केलंत तरी वहीतला मूळ आकडा बदलून लिहू नका. ‘10:10, वहीप्रमाणे’ आधी, मग ‘वॉर टाइम धरल्यास 9:10’ वेगळ्या रकान्यात, आणि असं का धरलं ते एका ओळीत.

आजोबांच्या पत्रिकेत घटी-पळं असतील तर तेवढा आकडा आणि तालुका खाली टाका, गावाचं नाव नको. सूर्योदयाशी ताडून सांगतो.