‘घर’चे ‘धर’ का होते?

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. ऐकलेली गोष्ट तो हुबेहूब सांगतो; पण वाचताना ‘घर’चे ‘धर’ करतो, वेलांट्या गाळतो. वर्गात चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावतात. काय करावे?

उत्तर : आधी ते वीस वेळा लिहिणे थांबवायला हवे, कारण त्यातून चूकच घोटली जाते आणि मूल वहीला घाबरू लागते. आपण वर्णिलेली लक्षणे वाचन-अक्षमतेची (डिस्लेक्सियाची) असू शकतात. मात्र निदान तज्ज्ञांच्या तपासणीनंतरच होते, म्हणून आधी डोळे व कान तपासून घ्यावेत. घरी ताटात रवा पसरून त्यावर ‘घ’ बोटाने गिरवू द्या आणि गिरवतानाच त्याचा उच्चार मोठ्याने करू द्या; ‘ध’ मात्र त्याच दिवशी नको, ‘घ’ पक्का झाल्यावरच घ्या. शिक्षकांना विनंती करा की, त्याला अचानक उभे करून वाचायला लावू नये, उतारा आदल्या दिवशी द्यावा आणि काही उत्तरे तोंडी घ्यावीत. ही मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातील अशा अडचणींचा, स्पष्ट समावेश आहे.