लपवलेली मेथड ठेवावी का?

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या अँड्रॉइड लाँचरचा, म्हणजे फोनचा मुख्य पडदा दाखवणाऱ्या ॲपचा, कोड वाचला. आजी-आजोबांसाठी मोठी बटणं, आणि त्यातलं एक दाबलं की नोटिफिकेशनचा पडदा खाली यावा, ही सोय आवडली. त्यासाठी स्टेटसबारमॅनेजर या क्लासमधली 'एक्स्पांडनोटिफिकेशन्सपॅनल' ही मेथड तू रिफ्लेक्शनने, म्हणजे ॲप चालू असताना नावाने शोधून, बोलावली आहेस आणि विचारतेस, डॉक्युमेंटेशनमध्ये ही कुठेच नाही, पण चालतेय, ठेवू का?

ठेव. पण का ठेव म्हणतोय ते नीट बघ, नाहीतर हेच उत्तर तू भलत्या ठिकाणी लावशील.

अँड्रॉइडच्या सोर्समध्ये मेथडच्या कॉमेंटमध्ये 'हाइड' अशी खूण असली, की एसडीकेसोबत, म्हणजे ॲप बनवायच्या साधनसंचासोबत, येणाऱ्या जार फाइलमधून ती गाळली जाते. त्या फाइलमध्ये मेथडची नावं आणि पॅरामीटर तेवढे असतात, आत काम करणारा कोड नसतो. खरा कोड फोनवर असतो, आणि तिथे ही मेथड असतेच. म्हणून कंपाइलर अडतो आणि रिफ्लेक्शन पार होतं. ती आहे हे खरं, पण ती उद्याही असेल असा शब्द कुणी दिलेला नाही. सार्वजनिक मेथड काढायची तर आधी ती कालबाह्य म्हणून जाहीर होते, पुढे बरीच वर्षं चालूही ठेवली जाते. लपवलेलीच्या वाट्याला हे काही येत नाही. तुझ्याच मेथडचं बघ. अँड्रॉइड ४.१ पर्यंत तिचं नाव नुसतं 'एक्स्पांड' होतं. २०१२ मध्ये ४.२ आलं आणि नाव बदललं. जुन्या नावाने हाक मारणारी ॲप्स त्या दिवशी गप्प झाली. मजा अशी, की पडदा उघडायची परवानगी मात्र अधिकृत यादीत राजरोस आहे!

२०१८ मध्ये अँड्रॉइड ९ ने यात आणखी भर घातली: काही लपवलेल्या मेथड वापरायला ॲप्सना बंदीच केली. बंदी घातलेली मेथड रिफ्लेक्शनने शोधलीस तर 'अशी मेथडच नाही' असा एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, येतो. मालक आतल्या खोलीत बसलेला आणि दारातून 'घरी नाहीत' असं सांगितलं जातं, तसं. काही मेथड जुनं टार्गेट, म्हणजे ॲप अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्तीसाठी बनवल्याची नोंद, ठेवलं तरच मिळतात, पण प्ले स्टोअर दर वर्षी टार्गेट वर ढकलतं, म्हणजे ती सवलत तात्पुरतीच. रिफ्लेक्शनवर रिफ्लेक्शन करून काहींनी पळवाट काढली होती. अँड्रॉइड ११ मध्ये तीही बुजवली गेली. या लपाछपीत डोकं घालू नकोस. हुशारी वाया जाते.

तुला 'ठेव' म्हणालो कारण उद्या ही मेथड गेली तरी आजी बोटाने पडदा ओढू शकते. तुझं ॲप उभंच राहतं. आता नको असलेले कॉल तोडणारी जुनी ॲप्स आठव. आयटेलिफोनी नावाच्या आतल्या इंटरफेसमधून ती कॉल बंद करायची, आणि सगळा धंदा त्या एका मेथडवर. अँड्रॉइड ९ मध्ये टेलिकॉममॅनेजरला एंडकॉल ही सार्वजनिक मेथड मिळाली, तीही पुढच्याच आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली. तशा ॲपबद्दल विचारलं असतंस तर सरळ नाही म्हणालो असतो.

तू जावावालीही आहेस, म्हणून आतला असूनही टिकून राहिलेल्या, थेट मेमरी हाताळू देणाऱ्या 'अनसेफ' क्लासचा दाखला तुझ्या जिभेवर असेलच. हो, सन-मिस्क पॅकेजातला तो क्लास नेटी, कॅसँड्रासारख्या मोठ्या प्रकल्पांनी इतका वापरला, की २०१७ मध्ये जावा ९ ने आतले बहुतेक क्लास बंदिस्त करायला घेतले तेव्हाही त्याला हात लावता आला नाही. पर्याय तयार करून मगच, जावा २३ मध्ये, त्याच्या मेमरी हाताळणाऱ्या मेथड काढून टाकण्याच्या यादीत गेल्या. पण त्यांच्यामागे अर्धं जग उभं होतं. आपल्या लाँचरसाठी गूगल थांबणार नाही.

तेव्हा ही हाक एकाच क्लासमध्ये कोंडून ठेव. सध्या ती तीन ॲक्टिव्हिटींत पसरली आहे. एक्सेप्शन आला तर गिळून टाकू नकोस, बटणच लपव. दाबून काही न होणारं बटण म्हाताऱ्या माणसाला फार छळतं. स्ट्रिक्टमोड या अँड्रॉइडच्या तपासणी-साधनात अशा वापराची नोंद करणारी सोय आहे, ती डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, चालू कर, आणि नव्या अँड्रॉइडचा बीटा आला की एम्युलेटरवर आधी हेच बटण दाबून बघ. ॲक्सेसिबिलिटी सर्व्हिसमधून, म्हणजे अपंग वापरकर्त्यांच्या मदतीसाठीच्या सेवेतून, हाच पडदा उघडायची अधिकृत वाट आहे, हे मला माहीत आहे. पण तेवढ्यासाठी आजीकडून ती भलीमोठी परवानगी मागणं मला पटत नाही. तुझं मत वेगळं असेल तर भांडायला ये.

आणि त्या मेथडचा गिट इतिहास, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद, एकदा वाच. ती कुणी, कशासाठी लिहिली हे कळलं की ती का लपवली याचाही अंदाज येतो. वाचून झालं की बिल्ड पाठव, माझ्याकडच्या जुन्या फोनवर चालवून बघतो.