तुझं दूध पातळ नाही, पोरी

पत्र: मावशी, माझी मुलगी चार महिन्यांची आहे. करवीर तालुक्यात आमचं एकत्र कुटुंब, गोठ्यात दोन म्हशी. संध्याकाळी सहा ते नऊ बाळ सारखं किरकिरतं, सारखं अंगावर ओढतं. सासूबाई म्हणतात, “तुझं दूध पातळ आहे, पोरीचं पोट भरत नाही. निम्मं पाणी घालून म्हशीचं दूध चालू कर.” परवा पंपाने काढून बघितलं तर जेमतेम ३० मिली आलं, तेही निळसर. दीड महिन्याने मला कागल एमआयडीसीत कामावर हजर व्हायचंय. नवरा म्हणतो, “आईनं चार पोरं वाढवलीत, तिचं ऐक.” मी रात्री मोरीत जाऊन रडते. आई म्हणून मी कमी पडले का? जन्माच्या वेळी बाळ २.८ किलो होतं, मागच्या आठवड्यात ५.९ भरलं. लंगोट दिवसाला सात-आठ ओले होतात.

पोरी,

शेवटची दोन वाक्यं तू घाईत लिहिलीस, पण तुझं उत्तर तिथंच आहे. बाळाचं वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट व्हावं अशी अपेक्षा असते. तुझ्या लेकीचं चार महिन्यांतच दुपटीच्या वर गेलंय, आणि तेही नुसत्या तुझ्या दुधावर. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील तर पोटात पुरेसं जातंय. तू कमी पडलेली नाहीस.

आता ‘पातळ’ या शब्दाचं बघू. कोल्हापुरात गंगावेशीत म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध पिणारी आपण माणसं. सायीवरून दूध जोखायची सवय आपल्याला लहानपणापासून लागते आणि तेच माप बाळंतिणीला लावलं जातं. पण म्हशीचं दूध रेडकासाठी असतं. रेडकू जन्मल्यावर थोड्याच वेळात चार पायांवर उभं राहतं. आपलं बाळ बसायलाच सहा-सात महिने घेतं. म्हणून म्हशीच्या १०० मिली दुधात साधारण ४ ग्रॅम प्रथिनं असतात आणि आईच्या दुधात साधारण १ ग्रॅम. एवढी प्रथिनं आणि क्षार बाहेर टाकायला बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना जड जातं. पाणी घातलं की दूध पातळ होतं, पण आईचं होत नाही. म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि पाण्यातून जंतू जायची भीती वेगळी.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या थोरल्याला तिसऱ्या महिन्यात म्हशीचं दूध सुरू झालं. उकळून, पाणी घालून, सगळं निगुतीनं. त्याला चार-चार दिवस शी व्हायची नाही. वरचं दूध वाढलं तसं माझं आटत गेलं, कारण बाळ जेवढं ओढतं तेवढंच तयार होतं. वर्षाचा झाला तेव्हा पांढराफटक पडला होता, हिमोग्लोबिन ७ निघालं. तो सावरला, पण ते दिवस मी विसरलेले नाही. म्हणून कळकळीनं सांगते, वर्ष होईपर्यंत म्हशीचं किंवा गाईचं दूध प्यायला देऊ नको.

तुझ्या ३० मिलीचं कोडं सासूबाईच उलगडतील. त्यांना विचार, धार काढायच्या आधी काय करता? आंबोण पुढ्यात ठेवतात, कास कोमट पाण्यानं धुतात, रेडकू सोडून दोन ढुसण्या देऊ देतात. गोठ्यात कुणी आरडाओरडा केला, धारेला परका माणूस बसला, की म्हैस पान्हा चोरते. दूध कासेतच असतं, पण सुटत नाही. बाईच्या शरीरातही तेच होतं. बाळ तोंडात घेतं तेव्हा ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक पान्हा सोडतं, आणि भीती, लाज, ताण त्याला अडवतात. ‘येतंय का बघू’ म्हणत धास्तीनं पंप लावलास तर ३० मिलीच येणार. पंपावरून दुधाचं माप काढू नको. गोठ्यात जी शांतता सासूबाई जपतात, तीच तुझ्या पाजण्याच्या वेळी हवी, हे त्यांना याच शब्दांत सांग. त्यांना लगेच कळेल, माझी खात्री आहे.

संध्याकाळची किरकिर बऱ्याच बाळांची असते. त्या वेळी ती थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पितात. पिऊ दे. पाजताना बाळाचं तोंड मोठं उघडलेलं असावं, हनुवटी छातीला टेकलेली असावी, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. नुसतं टोक तोंडात असेल तर तुलाही दुखतं आणि बाळालाही दूध नीट मिळत नाही. उन्हाळ्यातही सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाण्याचा चमचा नको, तुझ्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच आहे. घुटी नको. मध तर वर्षभर चाटवायचाच नाही, त्यातून लहान बाळाला बोटुलिझम होऊ शकतो. ‘ड’ जीवनसत्त्वाचे ४०० युनिटचे थेंब मात्र रोज हवेत, ते चालू नसतील तर डॉक्टरांना विचार.

कामाचं. हजर होशील तेव्हा बाळ साडेपाच महिन्यांचं असेल. म्हणजे निव्वळ काढलेल्या दुधावर दिवस काढायचेत ते दोनच आठवडे. आठवडाभर आधीपासून पहाटेच्या पाजण्यानंतर हातानं पिळून स्वच्छ, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात साठवायचा सराव कर. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चोवीस तास. फ्रिजमध्ये त्यावर स्निग्धांशाचा थर येईल, तो सासूबाईंना दाखव. तुझ्या दुधालाही साय धरते. देताना भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, गॅसवर नाही. बाटली आणू नको, वाटी-चमचा नाहीतर घरातलं जुनं बोंडलं (चोचीची छोटी वाटी) उकळून घ्या. भरवायचं काम सासूबाईंकडे दे. कंपनीत ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते, आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या मिळतात. बाळ कागलला नेणं तुला जमणार नाही, पण त्या वेळात दूध काढायला बंद खोली माग. संकोच करू नको.

सहा महिने पूर्ण झाले की अन्न सुरू, आणि तिथं सासूबाईंचा हात लागणारच आहे. फक्त वरणाचं पाणी नको, त्यात काही नसतं. चमच्यावरून गळणार नाही इतकं दाट हवं: घोटलेला मऊ वरणभात, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, नीट उकडलेलं अंडं. तुमच्याकडे मटण शिजतं तेव्हा तिखट-मीठ घालायच्या आधी दोन तुकडे बाजूला काढून अगदी मऊ शिजवा आणि वाटून द्या. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येतो, म्हणून हे लागतं. मीठ, साखर, गूळ वर्षभर नको. चहात बुडवलेलं बिस्कीट तर नकोच. अंगावरचं पाजणं दोन वर्षांपर्यंत आणि पुढंही चालू ठेव.

समजा पुढं वजन खरंच वाढेना, लंगोट कमी भिजायला लागले, बाळ मलूल पडलं, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा. त्यांनी पावडरचं दूध सांगितलं तर ते द्यायचं, मोजून, उकळलेल्या पाण्यात. त्यात आईचा काही गुन्हा नाही.

तुझ्या नवऱ्याशी दोन शब्द. बाबा, आईनं चार पोरं वाढवली हे खरं, पण ही पोर तुझी आहे. बायको मोरीत रडते आणि तू झोपलेला असतोस, हे मला सहन होत नाही. संध्याकाळी सहा ते नऊ घरात थांब. बाळाला खांद्यावर घे, बायकोला पाणी-जेवण हातात दे, आणि आईशी बोलायचं ते तू बोल.

आणि पोरी, रडणं रोजचंच झालंय का? झोप उडालीय, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर ते दूध-भांडणापेक्षा मोठं आहे. बाळंतपणानंतर असं नैराश्य येतं आणि उपचारानं बरं होतं. स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा.

पुढच्या वेळी वजन करायला जाशील तेव्हा सासूबाईंना बरोबर ने. काट्यावर बाळाला त्यांनाच ठेवू दे. आकडा किती आला ते मला कळव.

तुझी,
मावशी