उशीतला दोरा

"माझ्या मुलावर कुणी काही केलंय का हो?" हा प्रश्न घेऊन लोक माझ्याकडे नेहमी येतात. त्यातलाच हा एक प्रसंग. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

त्या बाईंनी पर्समधून गोळ्यांची रिकामी डबी काढली, टेबलावर ठेवली आणि लगेच बोटं रुमालाला पुसली. आत काळा दोरा होता, सात गाठींचा. मुलाच्या उशीच्या अभ्र्यात सापडलेला. महिनाभर त्याला झोप नव्हती, अन्न जात नव्हतं. संशय सुनेवर. "बायबलमध्ये मंत्रतंत्राला मनाई आहे. म्हणजे ते खरंच असणार ना?"

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 18व्या अध्यायातल्या मनाईच्या यादीत मंत्र घालणाऱ्यासाठी जो हिब्रू शब्द आहे, त्याच्या मुळाशी बांधणं, जोडणं हाच अर्थ आहे, असं मी सांगून बसलो. बाई डबीपासून आणखी लांब सरकल्या. नको तिथे विद्वत्ता पाजळायची माझी खोड जुनी आहे.

मग बायबलमधल्याच यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 13वा अध्याय काढला. तिथे मनगटांना पट्ट्या शिवून देणाऱ्या बायका आहेत. मोबदला काय, तर मूठभर जव आणि भाकरीचे तुकडे. देवाचा राग कशावर? खोटं सांगून भल्या माणसांचं मन खचवलंत, यावर. पट्ट्या फाडून माणसांना मोकळं करीन, असं तो म्हणतो. बाई तेवढा भाग दोनदा वाचत राहिल्या. मला विचाराल तर मंत्रतंत्रावरचं सगळ्यात नेमकं भाष्य तेच.

पुढच्या आठवड्यात मुलगा एकटा आला. डबी दिसताच म्हणाला, "हा माझाच आहे."

कामावरून कमी केल्याचं त्याने घरात सांगितलंच नव्हतं. रात्री फोनवर भविष्याचे व्हिडिओ बघता बघता एकाकडून दोरा मागवला. सोबत ताकीद: सोडलास तर घरातलं माणूस जाईल. तेव्हापासून झोप उडाली.

बायबलमधल्या एका पत्रात प्रेषित पौल गलतीया प्रांतातल्या ख्रिस्ती लोकांना विचारतो, तुम्हाला कुणी भुरळ घातली? त्याच्या ग्रीक शब्दाला नजर लावण्याचाही अर्थ आहे. इथे रात्रभर नजर खिळलेली होती ती या पोराचीच, फोनवर.

झोपेसाठी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. दोरा टाकून दे, असं मी म्हटलं नाही. बायबलमध्ये इफिस शहरातल्या लोकांनी जादूची पुस्तकं जाळली, किंमत चांदीची 50,000 नाणी. पण ती त्यांनी आपली आपण आणून जाळली होती.

तिसऱ्या भेटीला तो बायकोला घेऊन आला. आई बाहेर बाकावर बसून होत्या. सुनेला काय म्हणायचं, ते त्यांना अजून सुचत नव्हतं.