फँटसी साहित्यावर बेतलेला हार्ड रॉकचा एखादा सोलो अल्बम सुचवाल का? मूळ पुस्तक न वाचता तो ऐकता येईल का?

बॉब कॅटली यांचा २००१ सालचा 'मिडल अर्थ' जरूर ऐकावा. कॅटली हे बर्मिंगहॅममध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या 'मॅग्नम' या बँडचे गायक असून, हा अल्बम टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीवरून प्रेरणा घेऊन तयार झाला आहे. (टॉल्किन यांचे बालपणही बर्मिंगहॅम परिसरातच गेले.) 'मॅग्नम'ची गाणी प्रामुख्याने गिटारवादक टोनी क्लार्किन लिहीत असत, येथे मात्र ती जबाबदारी 'टेन' या बँडचे गॅरी ह्यूज यांनी सांभाळली आहे.

पुस्तक न वाचताही ही गाणी नक्कीच भावतात, कारण कॅटली यांच्या आवाजातच कथा सांगण्याची विलक्षण ताकद आहे. तरीही पुस्तक वाचलेल्याला त्यांत अधिक काही गवसते, असे माझे ठाम मत आहे. 'स्टॉर्मक्रो अँड पिलग्रिम' हे शीर्षकच पाहा. कादंबरीतला जादूगार गँडाल्फ याला एल्फ, म्हणजे तिथल्या अमर वंशाचे लोक, आदराने 'करडा यात्रेकरू' म्हणतात, तर रोहन या माणसांच्या राज्याच्या दरबारात, तो येतो तेव्हा संकटच घेऊन येतो म्हणून, त्याला 'वादळी कावळा' असे हिणवले जाते. एकाच व्यक्तीकडे पाहण्याच्या या दोन परस्परविरोधी दृष्टी ह्यूज यांनी तीन शब्दांत बसवल्या आहेत. 'द एंड ऑफ समर' हे गाणे गॅलॅड्रिएल या एल्फ स्वामिनीचे आहे, आणि एल्फांचा काळ सरत चालल्याची जाण असलेल्या श्रोत्याला त्यातला उन्हाळ्याचा शेवट केवळ ऋतुबदल वाटणार नाही.