‘चरितार्थ’ चालतो, जीवन ‘चरितार्थ’ होते का?

लालबागच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे, की त्यांच्या रुग्णालयातील ज्येष्ठ परिचारिकेच्या निवृत्तीनिमित्त तयार झालेल्या मानपत्रात ‘रुग्णसेवेत आपले जीवन चरितार्थ झाले’ असे वाक्य आले. काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, की यावरून बाईंनी निव्वळ पोटासाठी नोकरी केली असे वाटते. मजकूर लिहिणाऱ्यांचे म्हणणे, की संस्कृतात आणि हिंदीत हा शब्द ‘सफल’ या अर्थानेच येतो. यांपैकी कोणाचे बरोबर, आणि ‘चरितार्थ’ शब्दाचा ‘चरणे’शी काही संबंध आहे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

संस्कृतापुरते लिहिणाऱ्यांचे बरोबर आहे आणि मराठीपुरते हरकत घेणाऱ्यांचे. मानपत्र मराठीत असल्यामुळे ते वाक्य बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संस्कृतात ‘चरितार्थ’ हे विशेषण आहे. ज्याचा अर्थ, म्हणजे हेतू, पार पडला आहे तो चरितार्थ. कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गात ब्रह्मदेवाच्या चार मुखांतून वाणी निघाली तेव्हा शब्दांची चतुर्विध प्रवृत्ती ‘चरितार्थ’ झाली, असे कालिदास म्हणतो. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील 68व्या कारिकेत, पुरुषासाठी (म्हणजे चेतन आत्म्यासाठी) करायचे ते करून झाल्यामुळे, ‘चरितार्थत्वात्’, प्रकृती (म्हणजे जड सृष्टीचे मूळ) निवृत्त होते. निवृत्तीच्या मानपत्रासाठी याहून समर्पक आधार सापडणार नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु मानपत्र ऐकणारी मंडळी तो शब्द मराठीतूनच ऐकणार.

मराठीने या विशेषणाचे पुल्लिंगी नाम केले. आपल्याकडे चरितार्थ ‘चालतो’, तो ‘चालवावा’ लागतो, त्याचे ‘साधन’ असते आणि ‘चरितार्थासाठी काय करता?’ असे विचारता येते. हा बदल कसा झाला असावा? ‘चरित’ म्हणजे आचरलेले, जगलेले आयुष्य, आणि ‘अर्थ’ म्हणजे हेतूही आणि पैसाही. मला वाटते, मराठी कानाने समासाचा विग्रहच बदलला: ‘ज्याचा अर्थ चरित झाला आहे तो’ याऐवजी ‘चरितासाठी लागणारा अर्थ’. ‘चरणे’ हे क्रियापदही ‘चर्’ याच धातूचे, आणि त्या धातूला जाणे व खाणे असे दोन्ही अर्थ आहेत; तरीही चरितार्थातील पोट त्या वाटेने आलेले नाही, कारण ‘चरित’मध्ये आचरणाचाच अर्थ आहे.

नेमक्या उलट दिशेने गेलेला शब्द म्हणजे ‘धन्य’. तो ‘धन’पासून बनला, पाणिनीच्या सूत्रानुसार धन मिळवणारा तो धन्य, आणि आज ‘धन्य झालो’ म्हणताना पैशाची कोणाला आठवणही होत नाही. एक शब्द धनाकडून समाधानाकडे गेला, दुसरा समाधानाकडून मिळकतीकडे आला. यात मला चरितार्थाची अधोगती दिसत नाही. गिरणगावात चाळीतल्या एका खोलीत खानावळ चालवणाऱ्या बायका पाळीनुसार येणाऱ्या कामगारांना जेवू घालत आणि महिन्याच्या पगारावर त्यांचा हिशेब होई. 1975 साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले ते याच बायकांचे. ‘खानावळीवर तिचा चरितार्थ चाले’ या वाक्यात तिच्या श्रमाची मिळकत सांगितली आहे; त्या श्रमाला तिच्या लेखी काय मोल होते, याविषयी वाक्य काहीच बोलत नाही, आणि तो तिचा स्वतःचा प्रश्न असल्यामुळे शब्दाचे हे मौन मला योग्यच वाटते.

त्या मोलाविषयी बोलायचे तर मराठीत वेगळे शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘कृतार्थ’ची घडण थेट ‘चरितार्थ’सारखीच, मात्र सफलतेचा अर्थ मराठीने याच्याकडे ठेवला. तो प्रामुख्याने स्वतःच्या भावनेचा शब्द आहे. ‘मी कृतार्थ आहे’ असे निवृत्त होणाऱ्या बाईंनी उत्तराच्या भाषणात म्हणावे; ‘आपण कृतार्थ झालात’ असे इतरांनी परस्पर ठरवून टाकणे मला खटकते. ‘सार्थकी लागणे’ हे माणसाविषयी नसून त्याने खर्चलेल्या गोष्टीविषयी असते: वेळ, पैसा, कष्ट, जन्म. ‘मार्गी’, ‘सत्कारणी’ यांच्याप्रमाणेच ‘सार्थकी’ हे सप्तमीचे रूप आहे, म्हणजे ती गोष्ट योग्य ठिकाणी जाऊन लागली.

‘कष्टांचे चीज होणे’ यात मूळ फारसी ‘चीज’, म्हणजे वस्तू, आहे. आणि इथे डोळ्यांना दिसणारे फळ अपेक्षित असते. दिवसा दुकानात काम करून रात्रशाळेत शिकणारा मुलगा दहावी झाला, की त्याच्या जागरणांचे चीज झाले असे आपण म्हणतो. तोच नापास झाला पण त्याला वाचनाची गोडी लागली, तर चीज झाले असे कोणी म्हणणार नाही. ती वर्षे सार्थकी लागली असे मात्र निःसंकोच म्हणता येईल. रोजच्या जगण्यात बहुतेक कामांना दाखवण्याजोगे फळ नसते, म्हणून हा दुसरा वाक्प्रचार मला फार मोलाचा वाटतो. रात्रपाळीत रुग्णाची कूस बदलून देणे, तापलेल्या कपाळावरची पट्टी पुन्हा भिजवणे, याचे चीज कुठे मोजणार?

मानपत्रात ‘आपले आयुष्य सार्थकी लागले’ असेही लिहू नये, कारण समोर बसलेल्या व्यक्तीचे आयुष्य संपले असा त्याचा सूर लागतो. ‘रुग्णसेवेत आपण वेचलेली वर्षे सार्थकी लागली’ एवढे लिहावे.

राहिला हिंदीचा मुद्दा. ‘कहावत चरितार्थ हुई’ हे शुद्ध हिंदी आहे, आणि मुंबईत दोन्ही भाषा दिवसभर कानावर पडत असल्याने ‘म्हण चरितार्थ झाली’ असे मराठीतही लिहिले जाते. संस्कृताच्या आधारे त्याला चूक म्हणता येणार नाही, तरी ‘म्हण खरी ठरली’ किंवा ‘म्हणीचा प्रत्यय आला’ ही आपली रूपे हाताशी असताना मी ते वापरणार नाही.